कारण : इतर

कुठल्याही घरात शिरली की ती आधी दाराशी थांबायची. उजव्या हाताचं बोट कमरेजवळ, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं हलवत माणसं मोजायची. मग भिंतीला पाठ लागेल आणि दार समोर दिसेल अशी खुर्ची पकडायची. "बावीस," असं स्वतःशीच पुटपुटायची. नवीन माणसाला वाटायचं, बाई जेवणाचा अंदाज घेतेय. आम्हा मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या जुन्या मंडळींना माहीत होतं, की ताई अजून ड्यूटीवरच आहे.

ताई आमची कुंपणापलीकडची शेजारीण. मूळची जयसिंगपूरची. तरुणपणी पोलीस भरतीत धावण्यात पहिली आली आणि उंचीत अर्ध्या सेंटिमीटरने कमी पडली. तो अर्धा सेंटिमीटर तिने कधी माफ केला नाही. लग्न होऊन मेलबर्नला आली, काही वर्षं वृद्धाश्रमात काम केलं, आणि मग तासाभरावरच्या एका तुरुंगात ऑफिसर झाली. तुरुंग सरकारच्या मालकीचा, पण चालवायला एका कंपनीला दिलेला.

"म्हणजे तू जेलर?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"जेलर सिनेमात असतो. मी ऑफिसर. आतली माणसं मिस म्हणतात, तू ताई म्हण."

ती माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, त्यामुळे ते सोयीचंच होतं. मला मात्र ती कायम 'इंजिनीअर' म्हणायची, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती याचा पत्ता लागू द्यायची नाही.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मी होते तिथे. तू होतास?" आमच्या मराठी मंडळाच्या सहलीची बस कुणामुळे चुकली, कुणाच्या बारशाला आमटी कमी पडली, सगळे वाद या एका वाक्यावर मिटायचे. पण स्वतः हजर नसेल तर तितक्याच सरळपणे सांगायची, "मी नव्हते. जो होता त्याला विचारा." तिची नक्कल करणारे लोक फक्त पहिलं वाक्य उचलायचे. मीही त्यातलाच.

एका उन्हाळ्यात तलावाकाठी आमचं बार्बेक्यू होतं. खाणंपिणं आटोपलं, लोक चटया गुंडाळायला लागले, आणि ताई उभी राहिली. "कुणी हलायचं नाही. एक सुरी कमी आहे."

माझी लेक म्हणाली, "आंटी, इट्स जस्ट अ नाइफ!"

"जस्ट काही नसतं, बेटा. शोध."

तुरुंगाच्या स्वयंपाकघरात जेवणानंतर प्रत्येक सुरी मोजून कपाटात जात नाही तोवर दार उघडत नाही. तोच नियम तिने चाळीस मराठी माणसांना लावला. लोक आधी हसले, मग वैतागले, मग निमूट शोधू लागले. शेवटी तिनेच कचऱ्याच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून कलिंगडाच्या सालींतून सुरी बाहेर काढली, पुसली आणि म्हणाली, "आता जा." तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल. समोर आपण त्याच्यावर वैतागतो, आणि घरी आल्यावर आपल्याच सुऱ्या मोजतो.

त्याच दुपारी, त्याआधी, तिच्या तुरुंगावरून एक वाद झाला होता. बँकेत काम करणारा आमचा एक मित्र बर्गर उलटता उलटता म्हणाला, "पण ताई, प्रायव्हेट म्हणजे एफिशियंट ना? सरकारी कारभार आपण इंडियात बघितलाय. आपलाच टॅक्स वाचतो."

"किती वाचतो?"

"असेल काहीतरी."

"मी विचारलं होतं. करार बघायला मागितला. कमर्शियल इन कॉन्फिडन्स म्हणाले. म्हणजे टॅक्स तुझा, तुरुंग तुझा, आणि तुलाच सांगणार नाहीत."

"मग सरकारी तुरुंगात सगळं छान असतं का?"

"छे रे. तिथेही मारामाऱ्या होतात, तिथेही कोंडून ठेवतात. मी काही सरकारची वकील नाही. पण माणसाला कोंडणं हे साधं काम नाहीये. कोर्ट सांगतं, आणि आपण सगळ्यांच्या नावाने ते करतो. मग चुकलं तर कुणीतरी संसदेत उभं राहून उत्तर द्यायला नको? कंपनीचं उत्तर कुठे मिळणार? शेअरहोल्डरांच्या मीटिंगला?"

"मेट, आपण बर्गर खायला आलोय," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ताईही हसली. मग तिने बर्गर घेतला, त्या मित्राच्या शेजारी जाऊन बसली आणि बर्गर संपेपर्यंत त्याच विषयावर बोलत राहिली.

मी मात्र मान खाली घालून कांदे परतत होतो. कारण त्याच महिन्यात माझ्या ऑफिसला तीच कंपनी क्लायंट म्हणून मिळाली होती.

काम साधं होतं. तुरुंगातल्या प्रत्येक युनिटमध्ये, म्हणजे कैद्यांच्या खोल्यांच्या विभागात, एक जाडजूड रजिस्टर असायचं, त्यात ऑफिसर दिवसभराच्या घडामोडी पेनाने लिहायचे. ते रजिस्टर बंद करून टॅबलेट आणायचा होता. त्याचे स्क्रीन मी बनवत होतो. तुरुंग मी आतून कधी पाहिला नाही, पाहायची गरजही वाटली नाही. एका स्क्रीनवर प्रश्न होता, 'खोल्या बंद ठेवण्याचं कारण'. खाली क्लायंटने दिलेली सात कारणं. देखभाल, झडती, प्रशिक्षण, हवामान, वैद्यकीय, सुरक्षा, इतर.

मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, "स्टाफ कमी असेल तर?" त्यांचा मॅनेजर अगदी प्रेमाने म्हणाला, "ते कारण नाही, मेट. तो रिसोर्सिंगचा मुद्दा झाला." मी मान डोलावली. करारात एक अट होती, ती मला नंतर कळली. कैद्यांना रोज ठरावीक तास खोलीबाहेर सोडायचं बंधन होतं. माणसं कमी म्हणून दारं उघडली नाहीत तर कंपनीला दंड, देखभालीसाठी बंद ठेवली तर नाही. नंतर कळली असं मी म्हणतो खरा, पण मान डोलावताना मला काहीच वास आला नव्हता असं नाही.

टॅबलेट सुरू झाल्यावर आठवड्याभरात ताई कुंपणाशी आली. "इंजिनीअर, एक गोष्ट विसरलास. ड्यूटीवर माणसंच नसतात, ते कुठे लिहायचं?"

"इतर आहे ना, ताई. इतर दाबलं की खाली बॉक्स येतो. त्यात लिही काय ते."

तिला गप्प करायला मी हे सहज बोलून गेलो. तिने ते शब्दशः घेतलं. ज्या ज्या दिवशी माणसं कमी असत, त्या त्या दिवशी ताई इतर दाबून बॉक्समध्ये खरं कारण लिहू लागली. तिच्या सुपरवायझरला कारण बदलायची मुभा होती, आणि तो तिच्या 'इतर'चं 'देखभाल' करून टाकायचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लिहायची.

मग तो रविवार आला. तिच्या युनिटमध्ये बारा नंबरच्या खोलीत पन्नाशीचा एक माणूस होता. त्याचं नाव तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. आतलं नाव बाहेर काढायचं नाही, हा तिचा नियम होता. त्याची आई हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होती. फोन खोल्यांच्या बाहेर, हॉलमध्ये. त्या रविवारी तीन युनिट सांभाळायला दोनच ऑफिसर होते, म्हणून दिवसभर एकही दार उघडलं नाही. सोमवारी सकाळी तो फोनकडे धावला. आई रविवारी संध्याकाळी गेली होती.

त्याने तक्रार केली. उत्तर आलं, त्या दिवशी नियोजित देखभाल होती, तक्रार बंद करण्यात येत आहे.

"कसली देखभाल?" ताई आमच्या ओट्याशी उभी राहून सांगत होती. तिचा आवाज चिरकला होता. "मी होते तिथे. एक बल्बसुद्धा बदलला नाही कुणी. आणि तो मला काय म्हणतो माहितीये? मिस, मला भरपाई नको. दार का उघडलं नाही, तेवढं खरं लिहून द्यायला सांगा. मी त्याला शब्द दिलाय. लिहून घेणार."

काही आठवड्यांनी एका शुक्रवारी दुपारी माझ्याकडे क्लायंटची एक विनंती, आमच्या भाषेत टिकेट, आली. 'एक युजर इतर या पर्यायाचा गैरवापर करत आहे. कृपया लिहिण्याचा बॉक्स काढून टाकावा.'

युजर कोण हे मला शोधावं लागलं नाही. मी ते काम परत पाठवू शकलो असतो. प्रश्न विचारू शकलो असतो. निदान सोमवारवर ढकलू शकलो असतो. पण घराचं लोन होतं, लेकीची शाळा होती, प्रमोशन तोंडावर होतं. कारणांची यादी माझ्याकडेही होती. वीस मिनिटांत मी बॉक्स काढला, 'ऑल डन' असं लिहून पाठवलं आणि लेकीला स्विमिंगला घेऊन गेलो.

सोमवारी संध्याकाळी ताई आली. एरवी ती मागच्या फाटकातून हाका मारत यायची. त्या दिवशी तिने पुढची बेल वाजवली. अंगावर युनिफॉर्म तसाच होता.

"तू केलंस?"

"ताई, टिकेट आलं होतं. मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणी..."

"दुसऱ्याचं विचारत नाहीये मी. तू केलंस?"

"हो."

"बरं. निदान हो म्हणालास."

बायकोने चहा विचारला, ती नको म्हणाली. ती चहाला नको म्हणाल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

"आधीचं माझं लिहिलेलं? तेही पुसलंस?"

"नाही, ताई. सुपरवायझरने कारण बदललं तरी मूळ नोंद आत राहते. रिपोर्टमध्ये दिसत नाही, इतकंच. पण आहे. सगळं, अक्षर न् अक्षर."

तिने मान हलवली आणि गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच सुमाराला संसदेची एक समिती नेमली गेली. खासगी तुरुंग सरकारने परत ताब्यात घ्यावेत का, यावर ती लोकांची म्हणणी ऐकणार होती. ताईने अर्ज केला. समितीच्या सेक्रेटरीने तिला सांगितलं, नाव गुप्त ठेवता येईल. तिचा नवरा म्हणाला ठेव, मंडळातले सगळे म्हणाले ठेव, आणि मी तर जरा जास्तच कळकळीने म्हणालो. "ताई, नाव नको देऊस. नोकरी जाईल."

"मग जाईल. तुरुंगात नोकरी धरायला घाबरले नाही, सोडायला घाबरू?"

सुनावणीच्या दिवशी मी सिक लीव्ह टाकली आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. आधी कंपनीचे लोक बोलले. इमारत नवी आहे, क्लास चालतात, लायब्ररी सर्वोत्तम आहे. त्यात खोटं काही नव्हतं. मग ताई आली. निळी साडी, वर काळा कोट. दाराशी थांबून तिने बोट हलवलं आणि खोली मोजली. म्हणजे मीही मोजला गेलो.

एका सदस्याने विचारलं, "लायब्ररी खरोखर चांगली आहे का?"

"फार चांगली आहे, सर," ती तिच्या जयसिंगपुरी इंग्रजीत म्हणाली. "मी एवढी चांगली लायब्ररी पाहिली नाही. दार उघडलं तर."

कुणीतरी हसलं. ती हसली नाही. तिने त्या रविवारचं सांगितलं. कागद न बघता, शांतपणे, कोणत्या तासाला किती ऑफिसर होते ते सांगत गेली. सदस्याने समोरची पानं चाळली. "आमच्याकडच्या नोंदीत तर देखभाल लिहिलंय."

"मी ते लिहिलं नव्हतं."

"तुमची मूळ नोंद कुठे आहे?"

"आहे, असं मला सांगितलं गेलंय."

"कुणी सांगितलं?"

लोन, शाळा, प्रमोशन, सगळी यादी पुन्हा डोक्यात फिरली.

"ज्याने सांगितलं तो काही लहान मूल नाही," ताई म्हणाली. "तो होता तिथे, मी नव्हते. त्याचं त्यानेच येऊन सांगावं. मी दुसऱ्याच्या वतीने बोलत नाही."

तिने मागे वळून पाहिलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच इतकी लाज वाटली की मी तिला न भेटता निघून आलो.

तिला कुणी काढलं नाही. तसं करणं कंपनीला परवडलं नसतं. पण ती कॅज्युअलवर, म्हणजे बोलावतील तेवढ्याच शिफ्टांवर होती, आणि रोस्टरवर, ड्यूटीच्या यादीत, तिचं नाव येईनासं झालं. आधी आठवड्याच्या दोन शिफ्टा, मग एक, मग काहीच नाही. फोन केला की तिकडून गोड आवाजात उत्तर मिळायचं, "सध्या गरज नाही, नो वरीज." माणसं कमी असलेल्या तुरुंगात तिची तेवढी गरज नव्हती. हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं.

चार महिने वाट पाहून तिने दूरच्या एका गावात, सरकारी तुरुंगात नोकरी घेतली. सामान ट्रकवर चढत होतं, ती प्रत्येक खोकं मोजत होती.

मी कुंपणाशी गेलो. "तिथे तरी सगळं चांगलं असेल ना, ताई?"

"कशाला चांगलं असेल? तिथेही भांडावं लागणार. पण तिथे भांडायला समोर कुणीतरी असेल."

माझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबलीही नाही. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, गाडीत बसली आणि गेली.

तिचं घर पंधरा दिवस रिकामं होतं. त्या पंधरा दिवसांत मी समितीला एक पानाचं पत्र लिहिलं. मला काय काढायला सांगितलं, ते मी किती मिनिटांत काढलं, आणि मूळ नोंदी कुठे जपलेल्या आहेत. 'नाव प्रसिद्ध करण्यास हरकत नाही' या चौकटीत खूण केली. मला कुणी शूर वगैरे समजू नये. त्या प्रोजेक्टवरून मला काढलं, प्रमोशन गेलं, पुढे दुसरीकडे नोकरी लागली. ताईला जे सोसावं लागलं त्याच्या पासंगालाही ते पुरणार नाही. आणि ती गेल्यावर मी लिहिलं, ती असताना नाही, हे कुठल्याही पत्राने भरून येत नाही.

समितीने कंपनीकडून मूळ नोंदी मागवल्या. तुरुंग परत घ्यायचे की नाही, हा वाद अजून चालू आहे, दोन्ही बाजूंचे लोक अजून टीव्हीवर तावातावाने बोलतात. पण बारा नंबरच्या त्या माणसाची तक्रार पुन्हा उघडली गेली. त्याला नवं पत्र मिळालं, त्यात खरं कारण लिहिलेलं होतं, आणि त्या दिवसाच्या मूळ नोंदीची प्रत सोबत जोडलेली होती. नोंदी समितीच्या अहवालाच्या शेवटी छापल्या आहेत, कुणालाही वाचता येतात. एका शनिवारी सकाळी मी त्या वाचायला बसलो.

पानामागून पान तेच. 'इतर. ऑफिसर कमी.' 'इतर. ऑफिसर कमी. काल सांगितलं होतं.' 'इतर. आजही कमी. मी रोज लिहिणार आहे.' तिचा आवाज ऐकू येत होता, मी हसत होतो आणि डोळे पुसत होतो. मग तो रविवार आला.

'इतर. तीन युनिट, दोन ऑफिसर. खोली बारा, आई अत्यवस्थ, फोनसाठी चार वेळा विनंती. चावी माझ्याकडे होती. युनिटमध्ये मी एकटी असल्याने नियमानुसार दार उघडलं नाही. चारही वेळा नाही मी म्हटलं.'

आम्हाला ती नेहमी 'दार उघडलं नाही' एवढंच सांगायची. दार न उघडणारं माणूस कोण, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. ज्या नोंदीसाठी ती एवढी भांडली, नोकरी घालवून बसली, त्या नोंदीत तिने स्वतःलाही सोडलं नव्हतं. आणि तो माणूस दाराच्या आत होता. चारही वेळा नाही कोण म्हणालं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी खरं लिहून आणायला त्याने तिलाच सांगितलं.